आम्ही तिकडचे नव्हे

नणंदेच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही पुण्याला मुलाकडे गेलो होतो. घर सुसंस्कृत, माणसे मोकळी. पोहे झाले, चहा झाला, पत्रिकेचे आणि नोकरीचे विषय सुरळीत पार पडले, आणि मग मुलाच्या आत्याबाईंनी पदर सावरत, आवाज होईल तितका मऊ करून विचारले, "राग मानू नका हं, पण गोव्यात घरोघरी पिणं असतं म्हणतात. तुमच्याकडे तसं काही नाही ना?" प्रश्नात दुष्टावा मुळीच नव्हता. भाच्याच्या संसाराची काळजी वाहणाऱ्या कुठल्याही बाईने विचारावा असा तो प्रश्न होता आणि मनात ठेवण्यापेक्षा त्यांनी तो तोंडावर विचारला, हे मला आवडलेच. माझ्या दिरांनी लगेच उत्तर दिले, "छे हो! आम्ही फोंड्याकडची माणसं. ते सगळं तिकडे, किनाऱ्यावर. आमच्याकडे मंगेशी, म्हार्दोळ, कवळे. देवळांचा मुलूख आमचा." आत्याबाईंचा चेहरा निवळला, सगळ्यांनाच हायसे वाटले आणि पुढच्या तासाभरात लग्न ठरले. सारे मनासारखे झाले होते. तरीही परतताना चोर्ला घाट उतरेपर्यंत माझ्या मनात दिरांचे ते वाक्य घोळत राहिले. आत्याबाईंच्या प्रश्नाचे मला काही वाटले नव्हते. टोचले ते आमच्या घरातून गेलेले उत्तर.

गोव्याच्या लौकिकाशी आम्हा गोवेकरांची ओळख जुनी आहे. कोकण रेल्वेच्या डब्यात समोरच्या प्रवाशाला गाव सांगितले की त्याच्या डोळ्यांत एक ठरावीक चमक येते आणि "मग काय, मजा आहे तुमची" हे शब्द येतात. मुंबईतल्या नातेवाइकांच्या ओळखीचे लोक पहिल्याच भेटीत खोल्यांचे दर विचारतात. हा लौकिक पूर्णपणे खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून हणजुणेच्या किनाऱ्यावर परदेशी तरुण मुक्कामाला येऊ लागले, पुढे चार्टर विमाने आली, मग मांडवीत कॅसिनोंची जहाजे उभी राहिली. आज पणजीत संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्याने चालताना पाण्यावर हेलकावणारे निळे-जांभळे दिवे दिसतात. तो गोवा आहेच. परंतु 3,702 चौरस किलोमीटरच्या या राज्याचा किनारा आहे सुमारे 105 किलोमीटर लांब, आणि त्यातल्याही मोजक्या गावांची छायाचित्रे उरलेल्या सगळ्या प्रदेशाची ओळख होऊन बसली आहेत. हे सारे शेकडो वेळा सांगून झाले आहे. माझा विषय तो नाही. बाहेरच्यांनी आपल्याविषयी केलेल्या समजाला उत्तर देताना आपण एकमेकांशी काय करतो, हा माझा विषय आहे.

दिरांनी पुण्याच्या दिवाणखान्यात एका वाक्यात गोव्याची फाळणी केली. ती फाळणी त्यांनी शोधून काढलेली नाही. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी हा भेद आमच्या हाडीमाशी मुरलेला आहे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे तालुके पोर्तुगीजांच्या हाती सोळाव्या शतकात गेले, फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या दोन-अडीचशे वर्षांत दोन्हीकडचे जगणे वेगळ्या वळणाने गेले. तिकडे चर्च आणि कुपेल, म्हणजे छोटे प्रार्थनाघर, इकडे देऊळ आणि दीपमाळ. तिकडे तियात्र हे कोकणी नाटक, इकडे जत्रेतले मराठी नाटक आणि काला. त्यामुळे "तिकडे" म्हटल्यावर गोव्यातल्या माणसाला जे ऐकू येते ते पुण्याच्या आत्याबाईंना ऐकू आले नसेल. आम्हाला त्यात जात, धर्म, पेहराव आणि जेवण सगळेच ऐकू येते. "ते सगळं तिकडे, किनाऱ्यावर" या चार शब्दांत आपण आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या डोक्यावर साऱ्या बदलौकिकाचे गाठोडे ठेवून मोकळे होतो, आणि तो शेजारी तिथे उत्तर द्यायला हजर नसतो.

त्यातही दिरांनी दाखला दिला तो देवळांचा. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. ही तिन्ही गावे जुन्या काबिजादीतली. देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा सोळाव्या शतकात भक्तांनी मूर्ती डोक्यावर घेऊन जुवारी नदी ओलांडली आणि त्या काळी आदिलशाहीत असलेल्या फोंड्याकडे आणून लपवल्या. म्हणजे जो देवळांचा मुलूख आम्ही आमचा म्हणून पुढे करतो, त्यातले मोठे देव तिकडून आलेले आहेत. जे मूर्तीबरोबर निघाले ते इकडे आले. ज्यांना घर, शेत, म्हातारी माणसे सोडून निघता आले नाही ते मागे राहिले आणि बाटवले गेले. एकाच गावाची, कित्येकदा एकाच घराण्याची ही माणसे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, पण दर वर्षी शिगम्यात तिचा छत्र्यांचा उत्सव मूळ गावी, कुंकळ्ळीत येतो आणि तिथल्या बारा वांगडांतली, म्हणजे मूळ कुळांतली, ख्रिस्ती झालेली घराणीही त्याला आपला मानतात. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारियामाता, आणि शिरगावची लईराई या बहिणी आहेत, असे आमच्याकडची साधी माणसे गंभीरपणे सांगतात. लईराईच्या जत्रेला आणि सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, दोघींमध्ये तेल-फुलांची देवाणघेवाण होते. ज्या भूमीत एका धर्माची देवी दुसऱ्या धर्माच्या देवीला बहीण म्हणते, त्या भूमीतला माणूस परक्याच्या घरी बसून "ती माणसे वेगळी" असे म्हणतो तेव्हा मला वाईट वाटते.

आणि पिण्याविषयीच बोलायचे तर काजूची फेणी किनाऱ्यावर फारशी होत नाही. ती आमच्या बाजूला होते.

माझे माहेर सत्तरीतले. घराच्या मागच्या डोंगराला काजूची लागवड होती आणि मार्च उजाडला की डोंगर उतरणाऱ्या वाऱ्याला एक आंबूस-गोड वास यायचा. आमच्या शेजारच्या काकांची फेणी गाळायची भाटी होती. पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन डोंगरावर जायची आणि गळून पडलेलीच बोंडे वेचायची, कारण झाडावरून ओढून काढलेल्या बोंडाला तो रस सुटत नाही. खाली आणल्यावर बोंडापासून बी पिरगाळून वेगळी केली जाई. मग कातळात खोदलेल्या कोळंबीत, म्हणजे कुंडात, काका आणि त्यांचे थोरले मुलगे गुडघ्यापर्यंत पाय धुऊन उतरत आणि बोंडे तुडवत. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने घट्ट आवळून वर धोंडा ठेवला की त्यातून थेंबथेंब गाळून येई तो नीरो. तो आम्हा मुलांना पेला भरभरून मिळायचा. फिक्या पिवळ्या रंगाचा, जिभेला जरासा चरचरणारा. उरलेला रस आंबवून भांड्यात चढवला जाई, पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा उकळला की फेणी. रात्रभर जाळ सांभाळावा लागे. काकांचे डोळे त्या दोन महिन्यांत धुराने लाल झालेले असत, आणि त्या लाल डोळ्यांचा अर्थ गावात कोणी चुकीचा लावत नसे. काकांच्या दारात तुळस होती, घरात नेमाने आरती होई. पावसाळ्यात मुलाची छाती भरली की आई फेणी कोमट करून छातीला चोळायची. पोट बिघडले तर चमचाभर पोटातही जायची. बी विकून शाळेची फी, फेणी विकून चवथीचा बाजार, असा तो हिशोब होता. 2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मला पहिल्यांदा काकांची आठवण झाली. गोव्यात पिऊन संसार बुडालेली घरेही मी पाहिली आहेत, फोंड्यात पाहिली आहेत आणि बार्देशातही. त्यात किनारा आणि डोंगर असा भेद मला कधी दिसला नाही.

शाळेत माझ्याबरोबर अनेक वर्षे शिकवलेली एक मैत्रीण बार्देशातल्या किनाऱ्यालगतच्या गावची आहे. दिरांच्या "तिकडे" मध्ये नेमकी तिचीच वस्ती येते. तिच्या घरी मी पुष्कळदा राहिले आहे. पहाटे चर्चची घंटा, मग सायकलवरून येणाऱ्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, गरम उंडे पाव, अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलां आणि गालमो ही सुकी बारीक कोळंबी. सांजांवाच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या, दिवशी, 24 जूनला, डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून तिच्या वाड्यावरची मुले विहिरीत उड्या मारतात आणि घरोघरी फणसाचे गरे वाटले जातात. तिची आई मरेपर्यंत स्वतः चिखलात उतरून लावणी करत असे. हे घर मद्याच्या जाहिरातीत बसणारे नाही. मात्र गोव्याच्या लौकिकाची सगळी किंमत याच घराला मोजावी लागते. रात्री गावाबाहेरचे तरुण दाराशी गाड्या लावून मोठ्याने गाणी वाजवतात, कारण गोव्यात सगळे चालते असे त्यांना घरून निघतानाच कळलेले असते. तिच्या कुंपणावर चढून छायाचित्रे काढतात. घर जुन्या पोर्तुगीज धाटणीचे, रंग छान. एका रात्री तिची मुलगी स्कूटरवरून घरी येत असताना एका गाडीने तिला थांबवून जे विचारले, ते माझ्या मैत्रिणीने मला सांगितले तेव्हा तिचे ओठ थरथरत होते. मुलगी त्याच गावात जन्मली, त्याच रस्त्याने शाळेत गेली. तिच्या गावाविषयी दूर कुठेतरी जे बोलले गेले, त्याचा जाब तिला तिच्याच घराच्या वळणावर द्यावा लागला. आम्ही फोंड्याची माणसे पुण्यात बसून "ते तिकडे" म्हणतो, तेव्हा त्या गाडीतल्या लोकांच्या समजाला आमची साक्ष मिळते.

गोव्याचा दुसरा मोठा धंदा मात्र कोणाच्याच लौकिकात आला नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत वर्षानुवर्षे लोहखनिज काढले गेले. लाल धुळीने माखलेले ट्रक एकामागून एक जेटीकडे धावायचे, तिथून बार्जेसमध्ये भरून खनिज मांडवी-जुवारीतून मुरगावला जायचे. मुख्य रस्त्यावरच्या घरांत जेवायला बसताना ताटावर ताट उपडे ठेवावे लागे. लईराईच्या शिरगावाभोवती खाणी खोल गेल्या तशा गावच्या विहिरी आटल्या. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा हप्त्यावर ट्रक घेतलेली घरे रात्रीत कर्जात बुडाली. एवढे मोठे सुख-दुःख या राज्याने पाहिले, पण रेल्वेच्या डब्यात मला कोणी कधी खाणींविषयी विचारले नाही.

वडिलांविषयी लिहिल्याशिवाय हा लेख मला पुरा करता येणार नाही. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. वडिलांनी फुलाला मत दिले आणि ते कधी लपवले नाही. त्यांचे सगळे वाचन मराठी, गावच्या जत्रेतल्या नाटकाला पेटीची साथ त्यांचीच, आणि मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी खेडोपाडी काढलेल्या मराठी शाळांनी आमच्यासारख्या मुली शिकल्या, ही त्यांची कृतज्ञता. पाने जिंकली, 1,72,191 विरुद्ध 1,38,170. ती बातमी ऐकून वडील जेवले नाहीत, असे आई सांगायची. मला आज विचाराल तर पाने जिंकली ते बरे झाले, असे माझे मत आहे. एवढासा हा प्रदेश मोठ्या राज्यात एक जिल्हा होऊन राहिला असता आणि त्याची कोकणी, त्याची स्वतःची मोडणी टिकणे कठीण झाले असते. परंतु वडिलांचे दुःख मला समजते. ज्या महाराष्ट्राला त्यांनी आपले घर मानले, त्या महाराष्ट्राच्या मनात गोवा म्हणजे घरापासून दूर, घरचे नियम सोडून येण्याची जागा झाली, हे पुढे त्यांनी पाहिले आणि ते त्यांना फार लागले.

पेडणे तालुक्यात पत्रादेवीला गोव्याची हद्द संपते आणि बांदा सुरू होतो. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्रादेवीला पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल हा तरुण शिक्षक पडला. तिथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्याच रस्त्यावर तपासणी नाका आहे आणि परतणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, त्या डिकीतल्या बाटल्यांसाठी. आग्वादच्या किल्ल्याचेही तसेच. नानासाहेब गोरे यांच्यासारख्या सत्याग्रहींनी जिथे कैद भोगली, त्या तटावर आता सूर्यास्ताची छायाचित्रे निघतात. वडील प्रत्येक पाहुण्याला हट्टाने या दोन्ही ठिकाणी घेऊन जात. पाहुणे भिडेपोटी दोन मिनिटे हात जोडून उभे राहत. महाराष्ट्रातून चालत येऊन ज्यांनी आमच्यासाठी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याच नातवंडांना ती जागा फक्त नाका म्हणून ठाऊक असावी, हे मला अजून सोसत नाही.

अलीकडे या लौकिकाला कंटाळलेल्या लोकांनी 'खरा गोवा' नावाची नवी गोष्ट सुरू केली आहे. किनारा खोटा, आतला गोवा खरा. मसाल्याच्या बागा, देवळे, धबधबे. आमच्या फोंड्यातल्या कुळागरांना, म्हणजे सुपारीच्या बागांना, याचा फायदा झाला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुपारीवर घर चालणे अवघड झाले आहे. पण या खऱ्या गोव्यातही माझ्या मैत्रिणीला जागा नाही. तिचा वाडा पुन्हा खोट्याच्या यादीत. मला या संदर्भात कुर्डीची आठवण होते. सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेले. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. तिथली माणसे वाडे आणि वालकिणीला वसवली गेली. मे महिन्यात पाणी उतरले की घरांचे चौथरे, वाळलेल्या माडांचे बुंधे आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते, आणि कुर्डीकर परत जातात. हिंदू सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कुपेलाचे फेस्त करतात, दोघेही त्याच चिखलात वाळलेल्या भेगांवरून चालत. आता तिथेही कॅमेरे पोचले आहेत. बुडालेले गाव म्हणून त्याची ख्याती झाली आहे. तरी त्या माणसांकडून मी एक पाहिले, की त्यांच्यातला कोणी "आम्ही त्यांच्यातले नव्हे" असे म्हणत नाही. गाव कोणाचे होते हे त्यांना पक्के माहीत आहे, आणि ते दोघांचेही होते.

परवा मैत्रिणीचा फोन आला होता. तिच्या गावच्या डोंगराची उतरण कापायला सुरुवात झाली आहे आणि त्याविरुद्ध रविवारी ग्रामसभा आहे. समुद्र दिसणारी घरे ज्यांना हवीत ते आता डोंगरावर चढले आहेत. किनाऱ्यावर जागा उरली नाही. तिथून ते सत्तरीपर्यंत येतील हे उघड आहे, आणि आलेही आहेत. माझ्या माहेरच्या डोंगराला गेल्या वर्षी दोन दलाल जमीन पाहून गेले. काकांची कोळंबी त्या डोंगराच्या पायथ्याशी अजून आहे. मैत्रीण म्हणाली, "तुमचेकडल्यान कोण येता काय?" मी दिरांना सांगितले. त्यांना जमिनीचे कागद वाचता येतात, जुना एक-चौदाचा उतारा ते न अडखळता समजावून देतात, आणि अशा सभेत तेच सगळ्यांत उपयोगी पडते. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग किती वाजता निघायचे ते विचारले. पुण्यातल्या त्या वाक्याचा विषय मी काढला नाही. रविवारी सकाळी सातला आम्ही निघणार आहोत; सभा साडेदहाला आहे आणि त्याआधी त्यांना मैत्रिणीच्या घरचे उतारे एकदा डोळ्यांखालून घालायचे आहेत.